संशय घ्यावा, पण कसा?

कोकणातल्या एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गाला विचारून पाहा, "हेलियमचा शोध कुठे लागला?" बहुधा एखादा हात उत्साहाने वर जाईल आणि उत्तर येईल, "विजयदुर्ग किल्ल्यावर!" सांगितली जाणारी हकिकत अशी आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ते विजयदुर्गावरून पाहिले. त्याला सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली आणि त्यातून हेलियम हे मूलद्रव्य सापडले. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत. त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात आणि साहेबाची दुर्बीण तिथेच होती असे सांगतात. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा झालेला आहे. विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला, तरी १ मे १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यामुळे या गोष्टीचा अभिमान दोन्ही जिल्ह्यांना वाटतो.

आता समजा, त्याच वर्गात मागच्या बाकावरून दुसरा हात वर आला. "पण सर, ऑगस्टात आपल्याकडे पाऊस असतो. मग ग्रहण दिसलं कसं?"

अशा वेळी शिक्षकापुढे दोन सोपे मार्ग असतात. "मोठी माणसं सांगतात ते खोटं असेल का?" असे म्हणून मुलाला खाली बसवणे हा पहिला. "या सगळ्या थापा आहेत" असे म्हणून विषय झटकून टाकणे हा दुसरा. दोन्हींत शोध घेण्याचे श्रम वाचतात. तिसरा मार्ग अवघड आहे. तो म्हणजे संशय घ्यायचा, पण शिस्तीने घ्यायचा. ही शिस्त आपोआप तयार झालेली नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपातील काही विचारवंत या एका प्रश्नाशी झुंजत होते. त्यांनी काय कमावले ते आधी पाहू या आणि ती शिदोरी घेऊन विजयदुर्गावर जाऊ या.

शिवी की साधन?

आपल्या बोलण्यात संशयाला फारसा मान नाही. 'संशयी', 'संशयखोर' हे शब्द आपण दूषण म्हणूनच वापरतो. पण आपल्याच न्यायदर्शनात संशयाला मानाची जागा आहे. न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा क्रमांक संशयाचा आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे संधिप्रकाशात दूरवर दिसणारी उभी आकृती. तो खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही आहे. हात, पाय किंवा फांदीची खूण, म्हणजे निर्णय करणारे लक्षण, अजून दिसलेले नाही. या अवस्थेला संशय म्हणायचे. तो आला की माणूस चार पावले पुढे जाऊन पाहतो. सोळा पदार्थांच्या त्याच यादीत पुढे नवव्या स्थानावर 'निर्णय' आहे. म्हणजे संशय ही चौकशीची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

एका ग्रीक ग्रंथाचा पुनर्जन्म

युरोपात संशयाची मोठी लाट आली ती एका जुन्या ग्रंथामुळे. सेक्स्टस एम्पिरिकस नावाच्या वैद्याने इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास ग्रीक संशयवाद्यांचे विचार लिहून ठेवले होते. मध्ययुगात हा ग्रंथ जवळजवळ विस्मरणात गेला होता. १५६२ साली आंरी एतियेनने त्याचे लॅटिन भाषांतर छापले आणि तो सुशिक्षितांच्या हाती पडला.

वेळही तशीच होती. १५१७ पासून ख्रिस्ती धर्मात फूट पडली होती. एक पक्ष पोप आणि चर्चची परंपरा प्रमाण मानत होता, तर दुसरा बायबल आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी. मग खरे कोणाचे, हे कोणत्या कसोटीने ठरवायचे? आणि ती कसोटी बरोबर आहे, हे तरी कशावरून? १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ निघाला होता आणि ज्या पृथ्वीवर आपण स्थिर उभे आहोत तीच फिरते आहे, असे त्यात म्हटले होते. धर्मात आणि आकाशातही जुने आधार एकदम डळमळले.

सेक्स्टसची रीत साधी होती. प्रत्येक विधानासमोर तितक्याच वजनाचे उलट विधान ठेवायचे आणि दोन्ही पारडी समतोल झाली की निर्णय राखून ठेवायचा. कावीळ झालेल्याला पांढरे पिवळे दिसते, असे त्याचेही एक उदाहरण आहे. आपल्याकडे ते म्हणीसारखे वापरतात. पण सेक्स्टस पुढचा प्रश्न विचारतो. आजारी माणसाचे डोळे खोटे आणि निरोगी माणसाचे खरे, हे ठरवणारा तिसरा पंच कोण?

त्याने केलेला एक भेद शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. शोध घेणाऱ्यांचे तो तीन प्रकार करतो. काही म्हणतात, सत्य सापडले. काही म्हणतात, सत्य कधीच सापडणार नाही. तिसरे अजून शोधत असतात आणि खरे संशयवादी तेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'न मानणारा' असा नसून 'न्याहाळणारा, शोधणारा' असा आहे. "काहीच कळणार नाही" हेदेखील एक ठाम मतच आहे आणि त्यालाही पुरावा द्यावा लागतो.

फ्रान्समधील मोंतेनवर (१५३३–१५९२) या विचाराचा इतका प्रभाव पडला, की त्याने आपल्या ग्रंथालयाच्या तुळयांवर सेक्स्टसची वचने लिहून घेतली होती. आपल्याला नक्की ठाऊक तरी काय आहे, हा प्रश्नच त्याने स्वतःचे ब्रीद केला. मात्र त्याने काढलेला निष्कर्ष आपल्याला चकित करतो. बुद्धी जर इतकी दुबळी आहे, तर चालत आलेल्या धर्माला आणि रिवाजाला धरून राहिलेले बरे, असे तो म्हणतो. संशय नेहमी क्रांतीकडेच नेतो असे नाही. कधी कधी तो माणसाला जुन्या घरातच आणून बसवतो.

आंब्याची पेटी

रने देकार्तला (१५९६–१६५०) हे मान्य नव्हते. संशयाचाच उपयोग करून संशय संपवायचा, असा त्याचा बेत होता. टोपलीतली काही सफरचंदे नासली असावीत अशी शंका आली, तर सगळी टोपली रिकामी करावी आणि एकेक फळ तपासून चांगले तेवढे परत ठेवावे, असा दाखला त्याने दिला आहे. रत्नागिरीकरांना यासाठी सफरचंद नको. एक नासका हापूस पेटीतल्या बाकीच्या आंब्यांचे काय करतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

१६४१ सालच्या 'मेडिटेशन्स' या ग्रंथात देकार्तने आपली पेटी रिकामी केली. इंद्रिये कधी कधी फसवतात, म्हणून त्यांची साक्ष बाहेर ठेवली. आपण आत्ता जागे आहोत की स्वप्नात, हे सांगणारी निर्विवाद खूण नाही, म्हणून भोवतालचे जगही बाहेर गेले. एखादी महाशक्तिमान लबाड सत्ता आपल्याला बेरीज-वजाबाकीतही फसवत असेल, या कल्पनेने त्याने गणितही बाजूला ठेवले. शेवटी उरले एकच. फसवले जाण्यासाठी आणि संशय घेण्यासाठी विचार करणारा कोणीतरी असावाच लागतो. या एका आंब्यावर त्याने पुन्हा सगळी पेटी भरायला घेतली. पण ती भरताना त्याला ईश्वराचा आधार घ्यावा लागला, आणि हा युक्तिवाद गोल गोल फिरतो, असा आक्षेप त्याच्या समकालीनांनीच घेतला.

देकार्तपासून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वतःच्या मताविरुद्ध मुद्दाम कारणे शोधण्याची सवय. पण पेटी पूर्ण रिकामी करण्याचा नियम रोजच्या कामाला चालत नाही. निर्विवाद तेवढेच स्वीकारायचे ठरवले, तर १८६८ साल होऊन गेले, हेदेखील आपल्याला म्हणता येणार नाही. मग लॉकियर कुठे होता, हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

मधला मार्ग आणि दिल्लीतले ग्रहण

देकार्तच्या या ग्रंथावर आक्षेप लिहून पाठवणाऱ्यांत प्येर गासांदी (१५९२–१६५५) हा पाद्री होता. तो वेधकर्ताही होता. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी सूर्यबिंबावरून जाणारा बुध दुर्बिणीच्या साहाय्याने त्याने पाहिला. ते बुधाचे पहिले नोंदलेले अधिक्रमण होय. गासांदीचे म्हणणे असे, की वस्तूंचे अंतिम स्वरूप आपल्याला कळणार नाही असे मानले, तरी त्या कशा दिसतात, कशा वागतात हे मोजता येते, त्याची भाकिते करता येतात आणि ती पडताळता येतात. विज्ञानाला तेवढे पुरते. या भूमिकेला सौम्य संशयवाद म्हणतात. पूर्ण खात्रीची हाव सोडली, तर कामचलाऊ आणि सुधारता येणारे ज्ञान हाती लागते.

या गासांदीचा शिष्य फ्रांस्वा बर्निये भारतात आला होता. १६५८ च्या सुमारास येऊन तो सुमारे दहा वर्षे इथे राहिला. दानिशमंद खान या मोगल उमरावाच्या पदरी तो वैद्य होता आणि गासांदी व देकार्त यांचे विचार त्याला फारसीतून समजावून सांगत असे. १६६६ साली दिल्लीत त्याने सूर्यग्रहण पाहिले. यमुनेच्या पाण्यात उभ्या असलेल्या स्नानार्थींच्या झुंडींचे वर्णन त्याने केले आहे. पण ते लिहिण्याआधी त्याने १६५४ साली फ्रान्समध्ये पाहिलेल्या ग्रहणाची आठवण सांगितली आहे. तिथे लोक घाबरून अंधाऱ्या खोल्यांत लपले, कोणी ग्रहणावरची औषधे विकत घेतली, चर्चमध्ये गर्दी लोटली. दूरच्या लोकांच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवण्याआधी त्याने आपल्या घरातली दाखवली. संशयाच्या शिस्तीतला हा पहिला धडा मानायला हरकत नाही.

ज्याने बर्फ पाहिला नाही तो राजा

या सगळ्या विचाराला धार आली ती स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूममुळे (१७११–१७७६). आपल्या माहितीचा फार मोठा भाग दुसऱ्याच्या सांगण्यावरून आलेला असतो. आपल्याकडे याला शब्दप्रमाण म्हणतात आणि विश्वासार्ह सांगणाऱ्याला आप्त. आप्त कोण आणि त्याचे किती ऐकायचे, हा ह्यूमचा प्रश्न आहे. १७४८ सालच्या मानवी आकलनावरील ग्रंथात तो म्हणतो, की विश्वास हा 'आहे' किंवा 'नाही' असा नसतो. त्याला वजन असते. जेवढा पुरावा तेवढाच विश्वास ठेवावा. कुणी विलक्षण गोष्ट सांगितली तर दोन शक्यता तोलाव्यात. ती गोष्ट घडली असणे अधिक संभवनीय आहे, की सांगणाराची चूक, गैरसमज किंवा अतिशयोक्ती?

पण हा तराजू सरळपणे वापरला तरी फसगत होऊ शकते, हेही ह्यूमला ठाऊक होते. त्याने एका हिंदी राजाचे उदाहरण दिले आहे. थंडीने पाणी दगडासारखे घट्ट होते, असे प्रथम ऐकल्यावर त्या राजाने विश्वास ठेवला नाही. ह्यूम म्हणतो, त्याचा विचार रास्तच होता. त्याच्या आयुष्यात पाणी नेहमी वाहतच आले होते. यंत्राने बर्फ होऊ लागण्यापूर्वीच्या रत्नागिरीतल्या माणसाने तरी दुसरे काय म्हटले असते? म्हणजे रास्त संशयही खोटा ठरू शकतो. ज्या हवामानाचा अनुभवच नाही, तिथे आपला अनुभव मुका असतो, विरोधी नसतो. अशा वेळी 'अशक्य' न म्हणता 'अधिक साक्षी आणा' असे म्हणावे.

ह्यूमचा दुसरा प्रश्न आणखी खोल जातो. आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्याही उगवेल, हे कशावरून? अनुभवावरून म्हणावे, तर भूतकाळातला अनुभव भविष्यालाही लागू पडतो, हे आधीच गृहीत धरलेले असते. पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी सामान्य नियम काढणे म्हणजे विगमन. त्याला तर्काचा पाया नाही, सवयीचा आहे, असे ह्यूमचे म्हणणे. आपल्याकडे चार्वाकांनी जवळजवळ हीच शंका घेतली होती. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती सर्व काळी, सर्व स्थळी खरी आहे, हे कोणी पाहिले? जयराशी भट्टाच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात तर एकेका प्रमाणाची झाडाझडती घेतलेली आहे. तो ग्रंथ १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत छापला गेला.

मग ह्यूमने नियम मानणे सोडून दिले का? नाही. मित्रांबरोबर जेवायला आणि खेळायला बसलो की या शंका विरून जातात, अशी कबुली त्यानेच दिली आहे. त्याचा सल्ला एवढाच, की नियम वापरा, पण ते उसने आहेत हे विसरू नका.

पुन्हा विजयदुर्गावर

आता मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न घेऊ. ऑगस्टातला पाऊस हा पुरावा आहे खरा, पण हलका. पावसाळ्यातही आकाश कधी कधी उघडते. १८६८ च्या खग्रास पट्ट्याने भारत पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला. विजापूरला गेलेल्या निरीक्षकांना ढगांनी त्रास दिला, तर गुंटूरला प्येर जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाला ग्रहण चांगले दिसले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. तेव्हा केवळ पावसाच्या मुद्द्यावर विजयदुर्गाची गोष्ट खोटी ठरत नाही.

वजनदार पुरावा दुसरीकडे आहे. ग्रहणात सूर्याच्या कडेवर लाल ज्वाला दिसतात. त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेघा असल्याचे निरीक्षकांना त्या दिवशी दिसले. या ज्वाला म्हणजे तापलेला वायू आहे आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन आहे, हा त्या ग्रहणाचा खरा निष्कर्ष. रेघा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे जान्सेनला वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने तसे करून दाखवले. लॉकियर तेव्हा लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होता आणि फावल्या वेळात सूर्याचे वेध घेई. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याची कल्पना त्याला १८६६ सालीच सुचली होती, पण हवा तसा वर्णपटदर्शक त्याच्या हाती १६ ऑक्टोबर १८६८ रोजी पडला. २० ऑक्टोबरला त्याने इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवाय, त्या रेघा पाहिल्या. जान्सेन आणि लॉकियर या दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. फ्रान्सने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एक पदक काढले.

इथे थोडे थांबून विचार करू. लॉकियरच्या पत्राचा सगळा डौल 'ग्रहणाशिवाय' या एका शब्दात आहे. तो दोन महिन्यांपूर्वी विजयदुर्गावर खग्रास ग्रहण पाहत होता, असे मानले तर ही साखळी जुळत नाही. तारखा, पत्रे, उपकरणाची नोंद या एकमेकींपासून स्वतंत्र साक्षी आहेत आणि त्या सगळ्या एकाच दिशेने बोट दाखवतात. १८६८ साली लॉकियर विजयदुर्गावर नव्हता.

इथेच थांबले, तर आपण दुसऱ्या सोप्या मार्गावर गेलो असे होईल. गावकऱ्यांच्या तोंडी असलेली साहेबाची, दुर्बिणीची आणि ओट्यांची आठवण कुठून आली? ह्यूमच्या तराजूत हीदेखील एक साक्ष आहे आणि तिचाही उलगडा झाला पाहिजे. तो होतो. २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास सूर्यग्रहण झाले आणि त्याचा पट्टाही कोकणच्या या किनाऱ्यावरून गेला. त्या ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गाला आला होता. 'मेल्पोमीन' या आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत त्यांनी लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. जानेवारीतले आकाशही स्वच्छ होते. त्या निरीक्षणांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

म्हणजे साहेब खरा, दुर्बीण खरी, ग्रहण खरे आणि किल्लाही खरा. फक्त साल तीस वर्षांनी चुकले. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली आणि तीत हेलियम येऊन बसला. लोकांची आठवण सपशेल खोटी नव्हती, तिची तारीख सरकली होती. संशय नीट घेतला तर तो नुसते हिरावून घेत नाही, काही देऊनही जातो.

गुंटूरलाही तोच न्याय

पुष्कळ पुस्तकांत मग 'जान्सेनने गुंटूरला हेलियम शोधला' असे छापलेले असते. विजयदुर्गाला लावलेली कसोटी त्या वाक्यालाही लावली पाहिजे. चुलीच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते. ती सोडियमची खूण. सोडियमच्या या दोन पिवळ्या रेघांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे. सूर्यज्वालांतली पिवळी रेघ ५८७.६ नॅनोमीटरवर येते. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या घाईत पिवळी रेघ पाहणाऱ्यांना ती सोडियमचीच वाटणे स्वाभाविक होते. जान्सेनच्या पत्रातही नव्या मूलद्रव्याचा दावा नव्हता. ही रेघ सोडियमच्या जागी बसत नाही, हे लॉकियरने इंग्लंडमध्ये सावकाश मोजल्यावर स्पष्ट झाले. नुसते दिसणे आणि मोजणे यांतले अंतर असे असते.

त्यानंतरही शोध पूर्ण झाला नव्हता. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी आधी ही रेघ हायड्रोजनची आहे का, ते तपासून पाहिले. ते जमले नाही, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पुढे आले. १८७१ साली विल्यम थॉमसनने ब्रिटिश असोसिएशनच्या भाषणात ते जाहीरपणे सांगितले. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी मात्र मान हलवली नाही. ज्याचा थेंबभरही कुणाच्या नळीत नाही, ते मूलद्रव्य कसे मानायचे? अखेर मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ सापडली. २७ वर्षांनी हेलियम पृथ्वीवर आला.

मग ते संशय घेणारे मूर्ख ठरले का? याचे उत्तर दुसऱ्या दोन रेघांनी दिले. १८६४ साली तेजोमेघांत काही अनोळखी हिरव्या रेघा दिसल्या. त्यांवरून 'नेब्युलियम' हे नाव निघाले. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेघ दिसली. तिच्यावरून 'कोरोनियम' आले. अनुमान अगदी हेलियमसारखेच होते, की ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याची ही रेघ नाही, म्हणून ती नव्या मूलद्रव्याची. पण नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे १९२७ साली आयरा बोवेनने दाखवले. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड, हे १९४० च्या आसपास वॉल्टर ग्रोट्रियन आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून कळले. एकच युक्तिवाद एकदा खरा ठरला आणि दोनदा खोटा. विगमन उसने असते, या ह्यूमच्या म्हणण्याचा अर्थ याहून चांगल्या उदाहरणाने क्वचितच समजावता येईल.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहिले, की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. जेमतेम पाव शतकाने, १८५९ मध्ये, किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची वाट मोकळी केली. 'कधीच कळणार नाही' हा संशय नव्हे, हे सेक्स्टसने सांगूनच ठेवले होते.

वर्गासाठी

रॉयल सोसायटीचे ब्रीदवाक्य 'कुणाच्या शब्दावर विसंबू नका' अशा अर्थाचे आहे. ते पूर्णपणे पाळणे कोणालाच शक्य नाही. आपण कोणी १८६८ मध्ये जाऊ शकत नाही आणि प्रत्येक शाळेला क्लीव्हाइट मिळणार नाही. म्हणून शब्दावर विसंबायचे, पण वजन करून. गावातली एखादी प्रसिद्ध गोष्ट घेऊन मुलांना चार प्रश्न विचारता येतील. ही गोष्ट सांगणाऱ्याला ती कशी कळली? एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किती साक्षी आहेत? ती खोटी असेल, तर लोकांच्या तोंडी आली कशी? आणि कोणता पुरावा समोर आला तर मी माझे मत बदलीन? यांतला चौथा प्रश्न शिक्षकाने आधी स्वतःला विचारावा.

विजयदुर्गावरची सहल मात्र रद्द करू नये. मुलांना ओट्यांपाशी जरूर न्यावे आणि सांगावे, "हेलियम इथे सापडला नाही. पण ज्याने तो सूर्यात ओळखला, तो माणूस १८९८ च्या जानेवारीत या किल्ल्यावर आला होता. तोवर त्याचा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती. आणि ही चूक आपल्याला कशी कळली, ते आता तुम्हाला सांगतो." मागच्या बाकावरच्या त्या मुलाला त्या दिवशी सर्वांत पुढे उभे करावे.